फुकट नव्हे, सावड

मुरबाड-शहापूरकडे भातलावणीला सावड करतात. आज चार घरची माणसं माझ्या शेतात, उद्या मी त्यांच्या. मजुरी कुणी मोजत नाही, तरी ते काम फुकटात झालं असं कुणी म्हणत नाही. सावड घेऊन जो फेडत नाही, त्याच्या बांधाकडे पुढच्या आषाढात कुणी फिरकत नाही.

ओपन सोर्स लायब्ररीचंही असंच आहे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्राममध्ये आयता जोडता येणारा कोड. पैसे पडत नाहीत, म्हणून आपण तो बेवारस समजतो. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आज संगणकाचा प्रोग्रामही साहित्यकृतीत मोडतो. मालकी लिहिणाऱ्याकडेच राहते. परवाना ही त्याने अटींवर दिलेली मुभा.

अटी कमी-जास्त असतात. एमआयटी परवाना एवढंच मागतो, की कर्त्याचं नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत राहू द्या. 1989 साली आलेला जीपीएल हा परवाना मात्र खरी सावड मागतो. त्याखालचा कोड मिसळून केलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा सोर्स कोडही त्याच परवान्याने द्या. विकायला मनाई नाही; झाकून ठेवायला आहे. आपल्याच कचेरीत वापरलं, बाहेर दिलं नाही, तर हे देणं लागत नाही.

अट बदलली की वापर कसा बदलतो, हे ‘लोहित देवनागरी’ या फॉन्टवरून कळतं. रेड हॅट कंपनीचे लोहित फॉन्ट आधी जीपीएलखाली होते. 2011 मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. आता शहापुरातल्या कुणी भातगिरणीसाठी मराठी बिलाचं सॉफ्टवेअर केलं, तर त्यात लोहित घालून ते खुशाल विकावं, कोडही स्वतःकडे ठेवावा. फक्त कर्त्याचं नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत द्यावा. नुसता फॉन्ट विकता येत नाही, आणि अक्षरं बदलून तो पुढे दिला तर परवाना तोच ठेवावा लागतो. त्यात छापलेल्या लग्नपत्रिकेला मात्र कसलीच अट नाही.

म्हणून सॉफ्टवेअर विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या हाती माल देण्याआधी वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचं नाव आणि परवाना एका कागदावर मांडावा. सावड किती दिवसांची फेडायची, हे लावणीआधीच ठरलेलं बरं.