आजचं चिंतन: पोटाचा उपवास आणि जिभेचा



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय ८.

अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय. या अध्यायात अजगर येतो, समुद्र येतो. मग इंद्रियांच्या ओढीने फसलेले येतात. पतंग रूपाला भुलतो, हत्ती स्पर्शाला, हरिण गाण्याला. आणि मासा चवीला. आमिष दिसतं, आतला गळ दिसत नाही, आणि जीव जातो. माशावर जेमतेम तीन श्लोक आहेत. लगेच पिंगलेची गोष्ट सुरू होते, म्हणून बरेच जण तिकडे पळतात. मीही पळायचो. गेल्या वर्षीपासून मात्र या तीन श्लोकांवर अडकलोय. का, ते आज लिहितो. लिहायला थोडी लाज वाटतेय, पण लिहितो.

२०२५ची आषाढी एकादशी रविवारी होती, ६ जुलैला. मी तेव्हा कामानिमित्त अमेरिकेत, साउथ डकोटामध्ये होतो. घरी आई-बाबा टीव्हीवर पंढरपूर बघत होते, आणि मी, गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस, मासे पकडायच्या बोटीत बसलो होतो. थांबा, शिव्या द्यायच्या आधी ऐका.

माझ्या एका मित्राची नोकरी दोन आठवड्यांपूर्वी गेली होती. एच-वन-बीवर असलेल्यांना पुढचं सांगायला नको. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. मित्र मूळचा मालवणकडचा, लहानपणापासून खाडीवर गरवणारा. ऑफिसमधल्या एका निवृत्त गोऱ्या आजोबांकडे बोट होती. ४ जुलैच्या सुट्टीला जोडून त्यांनी बोलावलं. मित्र म्हणाला, "तू आलास तरच जातो. घरी बसून वेड लागेल मला." मग गेलो. आम्ही तिघं मित्र आणि आजोबा. मी आधीच सांगून टाकलं, मी गळ धरणार नाही. आजोबा म्हणाले, मग तू बोट चालव.

लेक ओवाही हे नावाला तळं. खरं तर ते मिझुरी नदीवरचं धरणाचं पाणी आहे. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्या धरणाचं लोकार्पण केलं. पाणी पिअर गावापासून उत्तरेला पार बिस्मार्कजवळपर्यंत, सुमारे ३७० किलोमीटर पसरलंय. त्याखाली तिथल्या मूळ रहिवाशांची, लकोटा-डकोटा लोकांची, दोन लाख एकरांहून जास्त जमीन गेली. कोयना किंवा उजनीच्या काठावर वाढलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आजोबांनी हे सगळं निघतानाच सांगितलं, आणि मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

तिथले लोक ज्या माशामागे असतात तो वॉलआय. त्याच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात, गढूळ पाण्यात त्याला छान दिसतं. संध्याकाळी आणि पहाटे तो शिकारीला निघतो. त्याला पकडायची एक पद्धत म्हणजे ट्रोलिंग. इंटरनेटवरचं नव्हे, हे मूळचं. बोट अगदी हळू चालवायची आणि मागे पाण्यात आमिष ओढत न्यायचं. शिशाचं वजन तळाला टकटक करत जातं. त्याच्यामागे तंगुसाला रंगीत मणी, एक गरगर फिरणारी चकचकीत पाती, आणि शेवटी गळाला गांडूळ. वेग ताशी दीड मैल, म्हणजे जेमतेम अडीच किलोमीटर. आपली दिंडीसुद्धा याहून जोरात चालते! माझं काम एकच, तो वेग सांभाळायचा.

आजोबांनी एक गंमत दाखवली. सरळ जाताना मासा लागला नाही की बोट थोडी वळवायची. वळणावर बाहेरच्या बाजूचं आमिष जोरात पळतं, आतल्या बाजूचं मंदावतं आणि खाली बसतं. ज्या बाजूला मासा लागेल त्यावरून कळतं, आज त्याला काय हवंय. म्हणजे आमिष तेच, फक्त वेग बदलायचा. मासा म्हणतो, "आत्ता मिळालं नाही तर जाईल," आणि तोंड उघडतो.

ही सगळी आमची प्रस्तावना. आता मुद्दा.

माझा निर्जळी उपवास होता. उन्हाचा, पाण्यावर, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. आणि खरं सांगू? मला त्याचा गर्व होता. बाकीचे सँडविच खात होते, मी मनात नाम घेत मोटर धरून बसलो होतो. वाटत होतं, पांडुरंगाने बघावं, कुठे बसून एकादशी करतोय ते.

दुपारी मित्राची काठी दोनदा हलली. तो फोनमध्ये बघत होता. धावला तोपर्यंत गळ रिकामा, गांडूळ गायब. आणि माझ्या तोंडून गेलं, "अरे, म्हणूनच काढलं असेल तुला. लक्ष कुठे असतं तुझं?"

दुसरा मित्र हसला. मीही हसलो. मालवणचा हसला, जरा उशिरा. मग त्याने नवीन गांडूळ लावलं आणि पुढचा तासभर पाण्याकडे बघत बसला.

संध्याकाळी त्याच्याच काठीला मासा लागला. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर ३८ फूट होतं. मासा लहानच होता. तो म्हणाला, "सोडून देऊ, लहान आहे." आजोबा म्हणाले, "सोड, पण जगणार नाही." एवढ्या खोलातून वर ओढलं की पाण्याचा दाब एकदम कमी होतो आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. आत इजा होते. गळ अलगद काढला तरी ती भरून येत नाही. म्हणून तिथे सांगतात, साधारण ३० फुटांच्या खालून मासे पकडत असाल तर पकडून सोडायचा खेळ करू नका. मित्राने तरी सोडला. मासा उताणा झाला, दोनदा शेपूट हलवलं, आणि तसाच तरंगत मागे राहिला. मी बोट चालवत होतो, त्यामुळे मागे वळून बघणं माझ्याच वाट्याला आलं.

परतताना गाडीत मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "सोड रे, चालतं." मीही सोडलं. मला वाटलं, झालं.

तीन महिन्यांनी, नोकरी मिळून तो दुसऱ्या शहरात गेल्यावर, एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाला, "त्या दिवशी फोनमध्ये काय बघत होतो माहितेय? रिजेक्शनचा मेल आला होता. ज्या इंटरव्ह्यूवर सगळी आशा होती, तिथला. आणि तू नेमकं तेच बोललास." राग नव्हता त्याच्या आवाजात. तेच जास्त लागलं.

आता परत भागवताकडे या. माशाचं उदाहरण दिल्यावर अवधूत जे म्हणतो त्याचा भाव असा: जाणती माणसं खाणं सोडून बाकीची इंद्रियं लवकर ताब्यात आणतात, पण जीभ तेवढी सुटते. उलट उपाशी माणसाची जीभ जास्तच वळवळते. आणि जोवर जीभ जिंकली नाही तोवर बाकी सगळं जिंकलं तरी तो माणूस जितेंद्रिय नाही. ती जिंकली, की सगळंच जिंकलं. नाथ महाराजांनी याच एकादश स्कंधावर आपलं भागवत लिहिलं, शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण केलं. तेव्हापासून आपल्या घराघरांत हे वाचलं जातंय. मीही वाचलं होतं. त्या एकादशीच्या आदल्या आठवड्यातच वाचलं होतं!

श्लोक चवीबद्दल बोलतो, हे मान्य. पण जीभ एकच आहे ना? खायलाही तीच, बोलायलाही तीच. माझ्या जिभेला त्या दिवशी अन्नाची चव नव्हती, म्हणून तिने दुसरी चव शोधली. हशा मिळवण्याची. चार जणांत आपण हुशार दिसण्याची. तेच माझं आमिष होतं. गळ मला दिसला नाही, आणि ओढला गेला तो मित्र.

इंटरनेटवरच्या ट्रोलिंगला ते नाव मासेमारीवरून पडलं असं मानतात. कुणीतरी चकचकीत पाती फिरवत पोस्ट ओढत नेतो, आणि आपण तोंड उघडतो. दहा मिनिटांनी कळतं, आपण कुणाला तरी काहीतरी भयंकर लिहून बसलोय. विशेषतः वळणावर. नोकरी गेली, ब्रेकअप झालं, रिझल्ट लागला नाही, झोप झाली नाही. आयुष्याचा वेग बदलला की तेच आमिष, जे काल सरळ रेषेत आपण सोडून दिलं असतं, ते आज गिळतो.

आणि सॉरीचं काय? सॉरी म्हणायलाच हवं. पण सॉरी म्हणजे गळ काढणं. माणसाला जिथून ओढून वर आणलं, तिथली इजा त्याने भरून येईलच असं नाही. उथळ पाण्यातली थट्टा एकवेळ सोडून देता येते. पण माणूस आत खोल कुठेतरी भीती घेऊन बसलाय, आणि आपला शब्द तिथपर्यंत गेला, तर नंतरचं "अरे गंमत केली" कामाचं नाही. आणि समोरचा किती खोलात आहे, हे दाखवणारं यंत्र आपल्याकडे नसतं. म्हणून शब्द टाकायच्या आधीच थांबायचं.

एक प्रश्न मला मेलवर नक्की येईल: माळकरी असून बोट चालवलीच का? याचं उत्तर माझ्याकडे "मी गळ धरला नव्हता" हे नाही. बोट मी चालवत होतो, आमिष माझ्याच वेगाने ओढलं जात होतं. मी द्वादशीला माळेपुढे बसून हे कबूल केलं. मित्रासाठी गेलो हे खरं. आणि ज्याच्यासाठी गेलो त्यालाच दुखावून आलो, हेही खरं.

आजचा छोटा नेम:

येत्या एकादशीला पोटाच्या उपवासाबरोबर जिभेचा एक उपवास करू. दिवसभर कुणाच्या चुकीवर विनोद नाही. समोरासमोर नाही, ग्रुपवर नाही, मीमसुद्धा फॉरवर्ड नाही. अगदी सुचला, ओठांवर आला, तर एकदा "विठ्ठल" म्हणायचं आणि गिळायचा. करून बघा, साबुदाणा सोडण्यापेक्षा अवघड आहे. माझा गेल्या वर्षभरात निम्म्याहून जास्त वेळा मोडलाय. तरी पुढच्या एकादशीला परत धरतो.

हे लिहून टाकायच्या आधी त्या मित्राला वाचायला पाठवलं. म्हटलं, नको असेल तर टाकत नाही. त्याचं उत्तर आलं: "टाक बिनधास्त. पण दिवसभरात एकच मासा लागला आणि तो मला लागला, हे नीट लिही."

लिहिलं रे.

पांडुरंगा, आमिष ओळखायला शिकव. आणि ओळखू आलं नाही, तर निदान तोंड तरी मिटून ठेवायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.