उठबस

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही धर्मग्रामातील आजारी व वृद्ध माणसांना घरोघरी ख्रिस्तप्रसाद देण्यास जातो. वसईच्या पट्ट्यात अशी घरे आता पुष्कळ झाली आहेत. घर नवे, मुले मुंबईस नोकरीला किंवा आखातात, आणि पुढच्या खोलीत टीव्हीसमोर एक प्लास्टिकची खुर्ची. त्या खुर्चीत आजी किंवा आजोबा. आम्ही आत पाऊल टाकले की ती उठू पाहतात, आणि सून, मुलगा, नात, जे कोणी जवळ असेल ते खांद्यावर हात ठेवून म्हणते, "आई, तू बस. उठू नकोस." आम्हीही वर्षानुवर्षे हेच म्हणत आलो. त्यात माया होती, याविषयी शंका नाही. ती माया योग्य होती काय, हा प्रश्न मात्र अलीकडे आम्हांस छळतो.

आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक आजी होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे. पहाटे वाडीतली फुले खुडून त्या चालत देवळात येत, वेदीवरील फुलदाण्यांतले पाणी बदलीत, पुढची चार बाके पुशीत आणि मगच मिस्सेला बसत. एका पावसाळ्यात पायरीवर त्यांचा पाय घसरला. इजा झाली नाही, घाबरलो आम्ही. ते काम आम्ही तरुण मुलींच्या गटाकडे सोपविले आणि एका रविवारी मिस्सेअखेर शाल देऊन आजींचा सत्कार केला. टाळ्या झाल्या. आजींच्या डोळ्यांत पाणी आले, ते आम्हांस आनंदाश्रू वाटले. दीड वर्षानंतर पहिल्या शुक्रवारच्या यादीत त्यांचे नाव आले. खुर्चीतून उठण्यास त्यांना दोन माणसांचा आधार लागत होता. आम्हांस पाहून त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही दिलेली सुट्टी अजून संपली नाही."

वयाचा भाग असेल, एखादे दुखणेही असेल. सगळा दोष एका शालीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. परंतु ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

वैद्यकशास्त्राने या विषयाकडे प्रथम गंभीरपणे पाहिले ते एका बसमुळे. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असे. मॉरिस प्रामाणिक माणूस. पुढे १९५६ साली त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरा पहिल्यापासूनच रुंद असल्याचे आढळले. म्हणजे सारा दोष आसनाचा नव्हता. तरीही त्यांनी उघडलेला प्रश्न बंद झाला नाही. बसलेल्या माणसाच्या मांड्यांचे मोठे स्नायू जवळजवळ निकामी असतात. जेवणानंतर रक्तात चढलेली साखर ते कमी उचलतात. अधूनमधून उठून दोन-चार मिनिटे चालल्यास ती कमी चढते. म्हाताऱ्या माणसाचे स्नायू तर वयानेच झिजत असतात. बैठकीने त्या झिजेला हातभार लागतो. मग एके दिवशी खुर्चीतून उठणे हेच मोठे काम होऊन बसते.

येथे कोणी म्हणेल, मग व्यायाम करावा! आमच्या माहितीतले एक निवृत्त गृहस्थ सकाळी अर्धा तास झपझप चालून येतात आणि नंतर रात्रीपर्यंत वर्तमानपत्र, टीव्ही आणि वामकुक्षी यांत दिवस घालवितात. कर्तव्य झाले, अशी त्यांची भावना आहे. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा आढावा प्रसिद्ध झाला. दीर्घ बैठकीमुळे वाढणारा मृत्यूचा धोका भरून काढण्यास रोज ६० ते ७५ मिनिटांचा मध्यम व्यायाम लागतो, असे त्यात दिसून आले. पंच्याहत्तरीच्या किती जणांस हे झेपेल? उलट, नुसते बसणे कमी केले म्हणजे तोल सावरतो असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात पासष्टीपुढील माणसांना आठवड्यास किमान १५० मिनिटांची हालचाल सांगितली आहे, त्याशिवाय तोल व ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. बसणे कमी करण्यास सांगितले आहे ते वेगळे.

सेमिनरीत आम्हांस नीतिशास्त्र शिकविताना संत थॉमस अक्वायनस यांच्या आधारे एक भेद शिकविला होता. 'करा' असे सांगणारी आज्ञा सदैव बांधते, पण प्रत्येक क्षणी नव्हे. 'करू नका' असे सांगणारी मात्र क्षणोक्षणी बांधते. व्यायाम हा पहिल्या जातीचा. त्याला वेळ ठरविता येते आणि तो आटोपताही येतो. बैठक आवरणे काहीसे दुसऱ्या जातीचे आहे. ते कधीच उरकत नाही. (म्हणून कोणी पापनिवेदनाला येऊन खुर्चीचे तास मोजू लागू नये, ही विनंती.) ख्रिस्तसभेचा १९९२ चा श्रद्धाग्रंथही आरोग्याला देवाची देणगी म्हणून जपावयास सांगतो आणि लगेच देहाच्या पूजेविरुद्ध इशारा देतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे त्यामुळे काही उणे ठरत नाही. प्रकृती ही पुण्याची पावती नव्हे.

आमच्या मते खरा नैतिक प्रश्न म्हाताऱ्या माणसांचा नाहीच. तो आपला आहे. ज्या बाईने चाळीस वर्षे बावखलाचे पाणी वाडीला घातले, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पहाटेची गाडी गाठली, तिला बसण्याचा हक्क नाही काय? आहे, आणि तो आम्ही कोणासही हिरावू देणार नाही. शब्बाथ देवाने दिलेला आहे. परंतु शब्बाथानंतर सोमवार येतो. आपण तिला दिलेल्या विश्रांतीत सोमवारच नसतो. आपण तिच्या हातातली विळी काढून घेतो, झाडू काढून घेतो, नातवाला आणावयाचे काम रिक्षावाल्याला देतो, आणि मोबदल्यात खुर्ची देतो. पाहुण्यांच्या सरबराईला मराठीत 'उठबस' म्हणतात. जिने जन्मभर दुसऱ्यांची उठबस केली तिला आपण फक्त बस म्हणतो. आणि 'बस' म्हणजे 'पुरे' असाही अर्थ आपल्याच भाषेत आहे. पेत्राच्या सासूचा ताप उतरल्यावर ती उठली आणि सर्वांची सेवा करू लागली, असे संत लूक सांगतात. त्या घरात तिला कोणी थांबविल्याचे लिहिलेले नाही.

वाळवंटातील संत अंतोनींची एक जुनी कथा आहे. ते एकदा खिन्न होऊन बसले असता त्यांना आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून दोरी वळीत होता. मग उठून प्रार्थना करी, पुन्हा बसून दोरी वळी, पुन्हा उठे. तो देवदूत होता, आणि असेच करण्यास त्याने अंतोनींना सांगितले. सेमिनरीत आम्ही ही कथा काम व प्रार्थना यांच्या संदर्भात वाचली होती. त्यातील उठण्याकडे आमचे लक्ष पन्नाशी उलटल्यावर गेले.

हल्ली पहिल्या शुक्रवारी कोणी उठू लागले तर आम्ही 'बसा' म्हणत नाही. दाराशी उभे राहून वाट पाहतो. हात मागितला तर देतो. त्यास वेळ लागतो आणि शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत दुपार होते. मागच्या खेपेस एका सुनेने आम्हांस अंगणात गाठून विचारले, "फादर, तुम्ही आईंना उठवता, पण पडल्या तर रात्री दवाखान्यात कोण धावणार?" तिचे म्हणणे खोटे नव्हते. पडणे ही म्हातारपणातली साधी गोष्ट नाही, आणि धावावे तिलाच लागणार. आम्ही तिला एवढेच विचारले की भिंतीला धरावयास एक लाकडी दांडी बसविता येईल काय. ती म्हणाली, नवऱ्याला विचारते. आत आजी अजून उभ्याच होत्या.