जिला आठवणारच नाही, तिला काय द्यायचं?



आजच्या चिंतनासाठी गीतेचा सतरावा अध्याय, श्लोक २० ते २२. भगवंत इथे दानाचे तीन प्रकार सांगतात. परतफेड करू न शकणाऱ्याला, ‘द्यायला हवं’ एवढ्याच भावनेने, देश, काळ आणि पात्र बघून दिलेलं ते सात्त्विक. बदल्यात काही मिळावं म्हणून किंवा मनातून कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि जागा-वेळ न बघता, समोरच्याचा मान न ठेवता दिलेलं ते तामस.

दान म्हटलं की आपल्याला दानपेटी नाहीतर क्यूआर कोड आठवतो. पण सध्या हे श्लोक माझ्या वेगळ्याच कामाला येतायत. आमची लेक दीड वर्षाची आहे. तिला घेऊन एक रात्र भंडारदऱ्याला तंबूत राहावं, असं आमच्या दोघांच्या मनात आहे. त्यावर आईचा प्रश्न एकच: “अरे, तिला काय कळतंय? मोठी झाल्यावर आठवणार तरी आहे का?”

नाही आठवणार. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं आपल्यापैकी बहुतेकांना काहीच आठवत नाही. आईचा मुद्दा बरोबर आहे. मग ही रात्र नक्की कुणासाठी?

मला वाटतं, आठवणार नाही हेच तर तिच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण आहे. दीड वर्षाचं मूल ‘थँक यू’ म्हणणार नाही, फोटो पोस्ट करणार नाही, मोठेपणी “बाबांनी मला चांदण्यात झोपवलं होतं” असंही सांगणार नाही. तळ्यावरचा वारा, ओल्या मातीचा वास, आईच्या कुशीतून दिसलेलं काळंभोर आकाश हे सगळं तिच्यापुरतं त्या रात्रीच संपणार. परतफेड न करणारा याहून नेमका कोण असेल? आणि तसं बघितलं तर आपण तिला रोज भरवतो, अंगाई म्हणतो, त्यातलंही तिला काही आठवणार नसतं. म्हणून ते वाया जातं असं कोणी म्हणत नाही.

पण गीता इथेच थांबत नाही. हेतू चांगला असला की झालं, असं ती म्हणत नाही. देश, काळ, पात्र बघा म्हणते. आणि घेणारा ‘नको’ म्हणू शकत नसेल, तर ते जास्तच बघायला हवं.

देश: पवनेच्या काठावर शनिवारी रात्री मोठ्या आवाजात गाणी लागतात, ती जागा तिच्यासाठी नाही. पाण्यापासून लांब, गाडी तंबूपर्यंत येईल, फोनला रेंज असेल अशी जागा हवी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, म्हणून तंबूची चेन कायम बंद. जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे, हे निघण्याआधीच विचारून ठेवायचं.

काळ: मेअखेरीस तिकडे काजवे बघायला गर्दी लोटते. रात्री उशिरापर्यंत गाड्या, हेडलाइट, गोंगाट. काजव्यांनाही त्रास आणि बाळालाही. ऐन थंडीत पहाटे चांगलाच गारठा पडतो, आणि लहान मुलांच्या अंगातली ऊब आपल्यापेक्षा लवकर जाते. हातपाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेवर किंवा छातीवर हात लावून बघायचं. आणि कितीही थंडी असली तरी कोळशाची शेगडी तंबूत आणायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

पात्र: हे मूल नेमकं कसं आहे? नव्या जागी झोपतं का? आमचं ठरलंय, आधी एक रात्र गच्चीवर तंबू लावायचा. तिथे जमलं तरच पुढचं.

लहान मूल उघड्यावर राहूच शकत नाही, असं अजिबात नाही. मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगर कुटुंबांतली लहान मुलं महिनोन्‌महिने रानातच वाढतात. पण ते त्यांचं जगणं आहे, हौस नाही. मनात आलं म्हणून त्यांना परत फिरता येत नाही. आपल्याला येतं.

आता अवघड प्रश्न. मलाही तिथे जायचंच आहे की! मूल झाल्यापासून डोंगर सुटलाय. मग हे दान राजस झालं का? मला तसं वाटत नाही. देताना देणाऱ्यालाही आनंद झाला तर त्यात दोष नाही. दोष हिशोब मांडण्यात आहे. आणि हिशोब कधी उघडा पडतो? रात्री दोन वाजता. ती रडायची थांबत नाहीये, आणि मनात येतं, “एवढे पैसे भरलेत, एवढ्या लांब आलोय, आता रडू नकोस ना गं!” त्या क्षणी कळतं की आपण तिला देत नव्हतो, तिच्याकडून मागत होतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोलबॅक प्लॅनशिवाय रिलीज करत नाही. तसंच हेही. निघण्याआधीच ठरवायचं, की तिला नको असेल तर मध्यरात्रीही तंबू गुंडाळायचा, आणि परतीच्या गाडीत चेहरा पाडायचा नाही. तंबू गुंडाळणं सोपं आहे, चेहरा न पाडणं ही साधना. हे जमणार असेल तर जरूर जा. जमणार नसेल तर ती मोठी होईपर्यंत थांबा, डोंगर कुठे जात नाहीत.

आजचा छोटा अभ्यास: ज्याला आठवणारच नाही अशा कोणासाठी आज एक गोष्ट करा. आजारी आजोबा असतील, तान्हं बाळ असेल. फोटो मात्र काढू नका.

राम कृष्ण हरी 🙏