तीन दशांश एटीपीचा संसार

गोबर गॅसच्या कुंडीत शेण आणि पाणी सारख्या मापाने कालवायचं, काड्या-खडे वेचायचे, काला नळीतून आत सोडायचा. आपलं काम तिथे संपतं. आत, जिथे हवेचा लवलेश नाही, तिथल्या जिवाणूंना आपण मागासलेले समजतो. ऑक्सिजन वापरायला न शिकलेले. मला हे पटत नाही.

एक मोल ग्लुकोज ऑक्सिजनच्या साथीने पूर्ण जळालं की सुमारे 2,870 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या मिळकतीत उधळपट्टी खपून जाते. आता हवेविना जगणाऱ्या ॲसिटोबॅक्टेरियम वूडीची जमाखर्चाची वही पाहा. हा जिवाणू हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून ॲसिटेट बनवतो. सुरुवातीला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च होतो, शेवटी एक हाती येतो. शिल्लक शून्य. मग हा जगतो कशावर?

हायड्रोजनमधून निघालेले दोन इलेक्ट्रॉन त्याचं एन्झाइम एका वाटेने जाऊच देत नाही. एकाला उतारावर, एनएडी या इलेक्ट्रॉनवाहक रेणूकडे सोडतं आणि त्या जोरावर दुसऱ्याला चढावर, फेरेडॉक्सिन या इलेक्ट्रॉनवाहक प्रथिनापर्यंत पोहोचवतं. कप्पीवरून जड बादली खाली जाताना हलकी वर यावी, तसं. ही युक्ती 2008मध्ये जर्मनीतल्या मारबर्ग इथे बुकेल आणि थावर या शास्त्रज्ञांच्या गटांनी क्लॉस्ट्रिडियम क्लुयव्हेरी या दुसऱ्या जिवाणूत उलगडली.

चढवलेला इलेक्ट्रॉनही फुकट खाली येत नाही. पेशीच्या पटलात बसलेला आरएनएफ हा एन्झाइम-संच त्याला फेरेडॉक्सिनकडून एनएडीकडे उतरवतो आणि उतरवता उतरवता सोडियमचे आयन बाहेर ढकलतो. तेच आयन एटीपी सिंथेजच्या वाटेने आत परततात, तेव्हा त्याचं चक्र फिरतं आणि एटीपी तयार होतो. एका एटीपीला तीनहून थोडे अधिक आयन लागतात. ॲसिटेटच्या एका रेणूमागे जेमतेम 0.3 एटीपी पदरात पडतो. एटीपी अर्धा करता येत नाही, आयन मात्र सुट्या नाण्यांसारखे पटलापलीकडे साठत राहतात. नोट भरण्याइतकी कमाई एका खेपेत होत नाही, म्हणून ती सोडून द्यायची नाही: अब्जावधी वर्षांची ही चिकाटी पाहिली की मला या जिवाबद्दल आदरच वाटतो.

टाकीतला मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव वेगळ्या कुळातले, आर्किया. पण इलेक्ट्रॉनची तीच विभागणी त्यांच्यातही सापडली आहे. ग्लुकोजचं रूपांतर मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये झालं, तर मूळ ऊर्जेपैकी सुमारे 85 टक्के मिथेनमध्येच राहते. उरलेल्या पंधरा टक्क्यांत टाकीतल्या साऱ्या गोतावळ्याचं भागतं. संध्याकाळी शेगडीची चावी फिरवून काडी लावली की चहाच्या आधणाखाली निळी ज्योत धरते, ती त्यांनी आपल्यासाठी सोडलेल्या वाट्याची.