नशीब कुणाचं, आभार कुणाचे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहून द्या म्हणून मंडळाकडून फोन आला, तेव्हा विषय शोधत बसावं लागलं नाही. गेले चार-पाच महिने एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. फक्त ती कुठून आली हे सांगितलं तर काही वडीलधारे वाचक हसतील. ती आली कोरियाच्या डॉक्टरांवरच्या एका मालिकेतून.

पण आपल्या अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यात पृथ्वी, वायू, आकाश होते, तसेच अजगर, कोळी, मधमाशी आणि पिंगलाही होती. जिथं शिकायला मिळालं तिथं त्यांनी मान लववली. मग साठी उलटलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका कारकुनानं टीव्हीसमोर बसून काही उचललं, तर महाराज रागावणार नाहीत असं मी धरून चालतो.

माझी पुतणी लातूरला दोन वर्षं राहून नीटची परीक्षा पास झाली. आता ती नांदेडला, विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. रविवारी आमच्याकडे जेवायला येते आणि जेवण झालं की ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ नावाची कोरियन मालिका लावते. २०२० आणि २०२१ मध्ये तिची दोन पर्वं आली, प्रत्येकी बारा भागांची. सोलमधलं एक काल्पनिक रुग्णालय आणि तिथले पाच डॉक्टर मित्र, एवढंच कथानक. खाली इंग्रजी ओळी येतात, त्या वाचत बघायचं. आमची सौ. सुरुवातीला म्हणायची, “अहो, काय कळायलंय तुम्हाला त्यातलं?” आता तीही स्वयंपाकघरातलं लवकर आवरून येऊन बसते.

त्यातला एक प्रसंग सांगतो. एका माणसाचा मेंदू मृत झाला आहे आणि घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला आहे. त्याचं यकृत दुसऱ्या एका रुग्णाला मिळणार आहे. शस्त्रक्रियेची सगळी तयारी झाली आहे. तेवढ्यात डॉक्टरला कळतं की दात्याला पाच वर्षांचा मुलगा आहे. ती तारीख असते ५ मे, म्हणजे कोरियातला बालदिन. डॉक्टर बारा वाजून जाईपर्यंत थांबायला सांगतो. कारण एवढंच, की त्या पोराला दर बालदिनाला बापाच्या मरणाची आठवण येऊ नये.

ते बघून डोळ्यांत पाणी आलं, पण थोड्या वेळानं वेगळाच विचार सुरू झाला. ज्याला यकृत मिळणार, त्याचे घरचे त्या रात्री काय म्हणत असतील? ‘नशीब थोर, देवाला दया आली.’ आणि त्या पाच वर्षांच्या पोराच्या घरी? तिथं देव त्या दिवशी आला नव्हता काय? एकाचं नशीब उघडतं तेव्हा दुसऱ्याच्या घराला कुलूप लागतं, असाच हिशेब असेल, तर आपण हात जोडतो ते कशासाठी?

हा प्रश्न मला नवा नाही. १९९३ साली मी किल्लारीजवळच्या एका गावात आमच्या बँकेच्या शाखेत होतो. त्या वर्षी जूनमध्ये माझी विनंती बदली मंजूर झाली आणि मी नांदेडला आलो. माझ्या जागी जो आला, त्यानं माझीच भाड्याची खोली घेतली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गार राहते, असं मीच त्याला सांगितलं होतं. ३० सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी भूकंप झाला. रात्रीच गणपती बोळवून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यात तो आणि त्याची बायकोही गेली.

आई म्हणाली, “दत्तानं हात दिला बघ तुला.” तिनं अभिषेक केला, सगळ्या गल्लीत पेढे वाटले. नातेवाईक भेटले की म्हणत, “तुझं पुण्य आडवं आलं.” मी मान हलवायचो. पण तो माणूसही दत्ताचाच होता. त्याच्या घरी दर वर्षी गुरुचरित्राचा सप्ताह व्हायचा, आणि पारायणाचं सोवळं माझ्यापेक्षा त्याचं कडक होतं. मला वाचवलं ते माझ्या पुण्यानं, असं म्हटलं की त्याचं पुण्य कमी पडलं असं आपोआप म्हटलं जातं. ते मला कधी म्हणवलं नाही.

त्या भागात आणखी एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. जाड दगडी वाड्यांत निजलेले दबले आणि कुडाच्या खोपटात निजलेले पुष्कळ जण वाचले. तेव्हा भिंतीनं मारलं, पापानं नाही. उघड्यावर निजलेला जगला, त्यात त्याचं पुण्य शोधायला जाऊ नये. दैव म्हणतात ते हेच. ते गुणपत्रिका बघून निकाल लावत नाही.

हे सगळं मी पुतणीला बोललो. ती वयानं लहान आहे, पण तिनं जे उत्तर दिलं ते मला कीर्तनातही मिळालं नव्हतं. ती म्हणाली, “काका, दाता त्या पेशंटसाठी मरत नसतो. तो त्याच्या अपघातानं गेलेलाच असतो. त्यानंतर घरचे ‘हो’ म्हणतात, ती गोष्ट वेगळी. दोन्हींची तुम्ही बेरीज करायलाव.”

मी आयुष्यभर खतावणी लिहिलेला माणूस, दोन खाती वेगळी करणं मला लगेच समजलं. अपघात हे एक खातं. तिथं कुणाचे आभार मानायचे नाहीत, फक्त मान खाली घालायची. आणि डोंगराएवढ्या दुःखात कुणीतरी ‘हो’ म्हणतो, हे दुसरं खातं. आभार मानायचे ते तिथं. ‘मी वाचलो’ याचे पेढे वाटताना आपण पहिल्या खात्यातली रक्कम दुसऱ्यात ओढतो आणि नशिबाला लायकीचं प्रमाणपत्र करून भिंतीवर लावतो.

गुरुचरित्रात माहूरच्या जोडप्याची कथा आहे. माहूर आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून ती जवळची वाटते. नवसानं झालेला दत्त नावाचा मुलगा क्षयानं खंगतो, बायको सावित्री त्याला घेऊन गाणगापूरला येते आणि तिथं पोचल्यावरच तो प्राण सोडतो. पुढं श्रीगुरूंच्या कृपेनं तो उठतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण दोन गोष्टी आपण भरभर वाचून टाकतो. एक, चमत्काराच्या आधी योग्याच्या रूपात येऊन श्रीगुरू तिला देह नाशवंत आहे हे समजावून सांगतात, ‘तुझी भक्ती मोठी म्हणून तुझा नवरा वाचेल’ असं काही म्हणत नाहीत. दुसरी, तो उठल्यावर एक ब्राह्मण विचारतो की ब्रह्मलिखित खोटं कसं झालं? तेव्हा श्रीगुरू सांगतात की याच्याच पुढच्या जन्मातली वर्षं मागून घेतली आहेत. म्हणजे आयुष्य मिळालं ते उसनं. प्रत्यक्ष गुरूंनीही वही कोरी ठेवली नाही, नोंद केली. उसनं मिळालेलं आयुष्य जपून वापरायचं असतं, मिरवायचं नसतं.

आता प्रश्न उरतो तो परतफेडीचा. अवयवदानात दात्याच्या घरच्यांना आणि घेणाऱ्याला एकमेकांची नावं कळवत नाहीत. काही वर्षांपूर्वी नांदेडमध्येही अवयव नेण्यासाठी रस्ता मोकळा करून दिला होता, ते पुष्कळांना आठवत असेल. ज्याला ते मिळाले तो आभाराचं पत्र कोणत्या पत्त्यावर टाकणार? रक्ताचंही तसंच. रक्तपेढी हा शब्दच बघा, पेढी. बाटलीवर रक्तगट असतो, देणाऱ्याचं नाव आपल्याला कळत नाही.

आपल्या संप्रदायाला हे अनोळखी नाही. अंबाजोगाईच्या दासोपंतांची कथा आठवा. वडिलांकडून सरकारचा भरणा राहिला म्हणून लहान दासोपंतांना बिदरला ओलीस ठेवलं होतं. मुदत संपत आली तेव्हा दत्ताजी पाडेवार म्हणून कुणी आला, सगळी रक्कम भरली आणि निघून गेला. तो कोण होता हे नंतर उमगलं. त्या कोरियन मालिकेतही मुलांचा एक डॉक्टर आपल्या पगारातून गरीब रुग्णांची बिलं नाव न सांगता भरतो. ते बघताना मला पाडेवारच आठवला. देणारा पावती घेऊन जात नाही, मग घेणाऱ्यानं काय करावं?

याचं उत्तर मी पाहिलं आहे. भूकंपानंतर काही आठवडे मला त्याच भागात कामासाठी पाठवलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून आम्ही अनुदानाची खाती उघडत होतो. एक म्हातारी आली. घरातलं एकही माणूस उरलं नव्हतं. अंगठा घेतला, फॉर्म भरला आणि नॉमिनीच्या रकान्याशी मी अडलो. हळूच विचारलं, “आजी, वारस कुणाला लावायचं?” तिच्या पदराला धरून सात-आठ वर्षांची एक पोर उभी होती, शेजारच्या घरातली. म्हातारी म्हणाली, “हिला लावा, साहेब. हिचंबी कोणी नाही, माझंबी कोणी नाही.”

ती वाचली होती. ‘मीच का वाचले’ हे तिनं कुणाला विचारलं नाही, आणि देवानं मला निवडलं असंही म्हणाली नाही. जे उरलं होतं त्याला तिनं वारस लावला, तोही रक्ताच्या नात्याबाहेरचा. कृतज्ञता म्हणजे काय हे मला त्या रकान्यात दिसलं. ज्यानं दिलं त्याच्यापर्यंत आपला हात पोचत नाही, तेव्हा तो जवळच्या अनोळखी माणसाकडे वळवायचा.

म्हणून या वर्षी मी आणि सौ.नं अवयवदानाचे आणि नेत्रदानाचे फॉर्म भरले. आपल्या वयात डोळे कोण घेणार, असं कुणाला वाटेल. पण चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, मधुमेह असला तरी नेत्रदान करता येतं. मात्र मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत ते व्हावं लागतं. आणि नुसता फॉर्म भरून भागत नाही, त्या वेळी घरच्यांचा होकार लागतो. बँकेत नॉमिनी लावून घरी कुणालाच न सांगणारे मी पुष्कळ पाहिले, पुढं पैसे तसेच पडून राहतात. तेव्हा घरी सांगून ठेवा. जन्मोत्सवाचा पाळणा हलवून झाला, प्रसाद वाटून झाला, सगळी पोरंबाळं घरात आहेत, अशी वेळ त्याला बरी. देह नाशवंत आहे हे आपण दर वर्षी सप्ताहात वाचतोच. त्या वाचनाला या वर्षी एक सही जोडावी, एवढंच सांगणं.

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त.