मागच्या सोबत्याचे ऋण

रविवारी पहाटे निघून पंधरा-वीस मोटारसायकलींच्या संगतीने एखादा घाट ओलांडावयाचा, धबधब्यापाशी किंवा देवळाच्या आवारात विसावा घ्यावयाचा आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावयाचे, हा छंद हल्ली आपल्या गावोगावी रूढ झाला आहे. बेळगावची मंडळे जांबोटी-कणकुंबीच्या वाटेने चोर्ला घाट उतरून केरी-साखळीकडे येतात. फोंडा-मडगावची मंडळी मोले ओलांडून अनमोड घाट चढतात. वडीलधाऱ्यांना यात पेट्रोलची नासाडी आणि आवाजाचा उपद्रव दिसतो, तर तरुणांना मोकळेपणा दिसतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. पण दोन्ही मते या छंदातील एका जुन्या नैतिक प्रश्नाला बगल देतात. प्रश्न असा की, केवळ आनंदासाठी स्वेच्छेने एकत्र आलेल्या माणसांपैकी जो मागे पडतो, त्याचे पुढे गेलेल्यांवर काही ऋण असते काय? आणि असल्यास ते कशामुळे?

कुटुंबात हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे रक्ताचे नाते उत्तर देते. देवस्थानच्या महाजनांत कुळाचे आणि कुलदैवताचे बंधन असते. व्यवहारात मोबदला असतो. गोव्यात पिवळ्या मडगार्डाच्या मोटारसायकलीवरून उतारू नेणारा ‘पायलट’ भाडे घेतो, आणि मागे बसलेल्याला सुखरूप पोहोचविण्याचे दायित्व त्या भाड्याबरोबरच त्याच्यावर येते. पण या मंडळात कोणी बँकेत कारकून, कोणी वैद्य, कोणी गॅरेजवाला. नाते नाही, व्रत नाही, करार नाही. तेव्हा एखादा म्हणेल, “प्रत्येक जण सज्ञान आहे, आपल्या मर्जीने आला आहे, ज्याने त्याने आपली गाडी आणि आपला जीव सांभाळावा.” या युक्तिवादाला उत्तर देण्यापूर्वी अशा सहलीची रचना पाहणे अवश्य आहे.

सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेला स्वार असतो. त्याला ही मंडळी ‘लीड’ म्हणतात. सर्वांत मागे अनुभवी आणि शांत डोक्याचा स्वार असतो, तो ‘स्वीप’. आपल्या मागे कोणीही राहू द्यावयाचे नाही, हे त्याचे काम. नवशिक्याला बहुधा पुढाऱ्याच्या लगेच मागे ठेवतात. घाटात एकेरी रांग करतात आणि दोन गाड्यांत निदान दोन सेकंदांचे अंतर राखतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. म्हणजे वीस गाड्यांची रांग चारशे मीटरांहून लांब होते. वळणावळणाच्या वाटेवर, त्यातही आषाढ-श्रावणातील धुक्यात, पहिल्याला शेवटचा दिसणे शक्यच नसते.

यावर जाणत्या मंडळांचा उपाय मोठा मार्मिक आहे. प्रत्येकाने आपल्या आरशात फक्त आपल्या लगतच्या मागच्याला सांभाळावयाचे. तो दिसेनासा झाला की आपण वेग कमी करावयाचा. आपण मंदावलो की आपल्या पुढच्याच्या आरशातून आपण नाहीसे होतो, म्हणून तोही मंदावतो. आणि एक शब्दही न उच्चारता ती वार्ता पहिल्या स्वारापर्यंत पोहोचते. कित्येक मंडळांत फाटा आला की रांगेतील दुसरा स्वार तेथे थांबतो आणि ‘स्वीप’ येईपर्यंत वाट दाखवीत उभा राहतो. सर्वांची काळजी वाहणे एकट्याच्या आवाक्याबाहेरचे असते. परंतु एकाची काळजी वाहणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे नसते.

आता मूळ युक्तिवादाकडे वळू. एकटा असता जो मनुष्य वळणावर ब्रेक दाबील, तोच समूहात असता पुष्कळदा दाबीत नाही. पुढच्यांनी ते वळण सहज घेतले, मग आपण भित्रे ठरू, ही लाज त्याच्या हाताला धरून ठेवते. शिवाय लांब रांगेचा एक धर्मच असा की, पुढच्याने थोडा वेग वाढविला तर पडलेले अंतर भरून काढण्यासाठी शेवटच्याला पुष्कळ अधिक वेगाने धावावे लागते. जो सर्वांत मागे दिसतो, तोच अनेकदा सर्वांत वेगाने चाललेला असतो! तेव्हा “तो आपल्या मर्जीने आला” हे खरे असले तरी “तो आपल्या मर्जीच्या वेगाने चालला” हे खरे नाही. समूहाने त्याला आनंद दिला, धीर दिला, आणि त्याच वेळी त्याचा सावधपणा काढून घेतला. आपण ज्याचे काही घेतले त्याचे आपण देणे लागतो. ऋणाचा उगम येथे आहे. त्यासाठी रक्ताचे नाते लागत नाही आणि लेखी करारही लागत नाही.

अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दायित्व येऊ नये, अशी तरतूद १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली. ती योग्यच आहे. पण कायदा वाटसरूचे भय दूर करतो; सोबत्याने मागे वळून पाहिले पाहिजे, हे तो सांगत नाही. ते समाजाच्या वळणाने शिकवावे लागते, आणि आपल्याकडे ते वळण आहे. देवळातील समाराधनेच्या पंक्तीत शेवटच्याचे जेवण आटोपल्यावाचून कोणी उठत नाही. आळंदीच्या पालखी सोहळ्याला शिस्त घालून देणारे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे, आणि त्या सोहळ्याचे अश्व येतात ते बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून. त्या वारीत दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात. वृद्धांना आणि तुळशीवृंदावन डोईवर घेतलेल्या स्त्रियांना सामावून घेणारीच चाल दिंडीला धरावी लागते.

कोणी महाभारताचा दाखला देऊन विचारील की, महाप्रस्थानात द्रौपदी आणि चारही भाऊ एकामागून एक कोसळले, तेव्हा युधिष्ठिर मागे न पाहता चालतच राहिला, ते कसे? आक्षेप गंभीर आहे. पण ती यात्रा सर्व पाश तोडण्याची होती. परतण्याचा संकल्पच तीत नव्हता. आमच्या स्वारांची संध्याकाळी घरी वाट पाहिली जात असते. शिवाय कथा तेथे संपत नाही. इंद्राचा रथ समोर उभा असताना, वाटभर मागून आलेल्या कुत्र्याला टाकून चढावयास युधिष्ठिर नकार देतो. आणि स्वर्गात पोहोचल्यावर, जेथे आपले भाऊ नाहीत तो स्वर्ग मला नको, असे म्हणतो. ज्याने वाटेत मागे पाहिले नाही, त्यालाही मुक्कामी पोहोचल्यावर मागचे आठवलेच.

हे ऋण मात्र एकतर्फी नव्हे. मागच्याने आपले मंदपण लपवू नये. हात थकले, डोळ्यांवर झोप आली, तर वेळीच हात वर करून थांबणे हे त्याचे कर्तव्य. जो लाजेपोटी गप्प राहतो तो इतरांनाही संकटात लोटतो. आणि तो हात वर होताच ज्या मंडळात हशा पिकतो, त्या मंडळाने शिस्तीचे कितीही नियम छापले तरी ते व्यर्थ होत.

रस्त्याकडेच्या गावांचाही येथे विचार केला पाहिजे. ज्या वाड्यावरून वीस इंजिने गर्जत जातात, तेथे कोणी आजारी निजलेला असतो, कोणाची गुरे रस्ता ओलांडीत असतात. तो वाडा सहलीत सामील झालेला नाही. आनंदात त्याला वाटा नाही, उपद्रवात मात्र आहे. तेथे वेग आणि आवाज आवरणे हेही त्याच ऋणाचे अंग मानावे लागेल.

तेव्हा आपल्या मुलाने अशा मंडळात जावे की नाही, असा प्रश्न घरात निघाला, तर गाडी किती शक्तीची आहे, हे विचारून भागणार नाही. त्या मंडळात सर्वांत मागे कोण असतो, आणि तो दिसेनासा झाला तर पुढचे थांबतात काय, हे विचारावे. ‘थांबतात’ असे उत्तर खात्रीने मिळाले, तर त्याला आशीर्वाद देऊन निरोप द्यावयास हरकत नाही.