मापाची वही

एका तालुक्याच्या गावात एक म्हातारा शिंपी आणि त्याची बायको राहत होती. गावात तयार कपड्यांची दुकानं आली, तसं शिंप्याचं दुकान बंद पडलं आणि शिलाई मशीन घराच्या ओटीवर आलं. तिथे बसून तो साड्यांना फॉल लावी, पोरांच्या पँटी आखूड करून देई. त्यातून दोघांचं भागत होतं.

शिंप्याला बीपी होतं, शुगर होती, आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचीही एक गोळी दिली होती. तिन्ही औषधांचे मिळून महिन्याला ९०० रुपये होत. ती तो चौकातल्या मेडिकलमधून आणी. त्या दुकानदाराने टाळेबंदीत तीन महिने उधारीवर औषधं दिली होती. एकदा म्हातारी तापाने फणफणली, तेव्हा रात्री बारा वाजता त्याने शटर उघडलं होतं. अशा माणसापुढे भावाची गोष्ट कशी काढायची, असं शिंप्याला वाटे. तो चिठ्ठी पुढे करी, सांगतील तेवढे पैसे देई आणि घरी येई.

मग एका पावसाळ्यात काम फार कमी झालं.

एके दिवशी म्हातारीने गोळ्यांचा डबा पुसायला घेतला. महिना संपला होता, पण गोळ्या संपल्या नव्हत्या. तिने मोजून पाहिल्या. निम्म्या शिल्लक होत्या.

“अहो, गोळ्या घ्यायला विसरता का?”

शिंपी सुईत दोरा ओवत राहिला. मग म्हणाला, “विसरत नाही. एक दिवसाआड घेतो. तेवढ्याच पुरतात.”

गेले काही दिवस त्याला सकाळी उठताना गरगरत होतं. ते कशाने, ते तिला आता कळलं. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी चूल आवरली, चिठ्ठी घेतली, तिन्ही गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेतल्या, शिंप्याची मापाची जुनी वही आणि पेन्सिल घेतली आणि बाहेर पडली.

पहिलं दुकान मोठं होतं. बाहेर २० टक्के सूट, असा फलक होता. “भाव तेवढा सांगा, आत्ता घ्यायचं नाही,” हे वाक्य म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. मुलगा म्हणाला, “मावशी, मागे लाइन आहे.” ती बाजूला झाली, लाइन संपेपर्यंत उभी राहिली आणि पुन्हा पुढे आली. मुलाने भाव सांगितले. तिने ते वहीत उतरवले. दुसरं दुकान एसटी स्टँडजवळ होतं. तिथल्या माणसाने दुसऱ्या कंपन्यांच्या पट्ट्या काढून दाखवल्या. तिसरं होतं सरकारी दवाखान्याशेजारचं जनऔषधी केंद्र. तिथले भाव ऐकून तिने आकडा परत विचारला.

संध्याकाळी तिने वही शेजारच्या मुलीपुढे ठेवली. मुलगी डी. फार्म. करत होती.

“आजी, असं नाही कळायचं,” मुलगी म्हणाली. “ह्या पट्टीत १५ गोळ्या आहेत, त्या पट्टीत १०. एका गोळीचा भाव काढू या.”

दोघींनी भागाकार केले. बीपीची गोळी चौकात साडेसात रुपयांना पडत होती. सूट देणाऱ्या दुकानात ६, स्टँडजवळ साडेचार आणि जनऔषधीत १ रुपया २० पैसे. नंतर शुगरची गोळी आली. स्टँडजवळच्या भावावर मुलीचं बोट थांबलं.

“ही २ मिलिग्रॅमची आहे. आजोबांची १ची आहे. नाव तेच, पण पुढचा आकडा बघायचा. ही घेतली असती तर साखर एकदम खाली गेली असती, चक्कर येऊन पडले असते.”

म्हातारीने तो आकडा खोडला आणि पट्टीवरचं काय काय पाहायचं, ते मुलीकडून समजून घेतलं. औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम आणि पुढे एसआरसारखी अक्षरं असली तर तीही. हे सगळं जुळलं, तरच भाव जुळवायचा.

शिंपी ऐकत होता. तो म्हणाला, “साडेसातची वस्तू सव्वा रुपयात? मग ती तशीच असणार.”

मुलीने सांगितलं, “आजोबा, औषधाचं पेटंट संपलं की ते पुष्कळ कारखाने बनवतात. मोठ्या नावाच्या गोळीच्या भावात डॉक्टरांकडे फिरणाऱ्या माणसांचे पगार असतात, जाहिरात असते, मधल्या व्यापाऱ्यांचा वाटा असतो. जनऔषधी ही २००८ पासूनची सरकारी योजना आहे. ते निविदा काढून एकदम खरेदी करतात आणि माल प्रयोगशाळेत तपासून मग दुकानात पाठवतात.” तिने दोन पट्ट्या उलट्या केल्या. एक आजोबांची महागाची, एक तिच्या घरातली स्वस्तातली. बारीक अक्षरांत कारखान्याचा पत्ता होता. दोन्हींवर हिमाचलातलं बद्दी हेच गाव होतं.

शिंप्याने दोन्ही पट्ट्या डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिल्या. “म्हणजे कापड एक, काठावरचा शिक्का वेगळा,” तो म्हणाला.

“तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही,” म्हातारी म्हणाली.

डॉक्टरांनी आधी बीपी मोजलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “गोळी पुरेनाशी झालीय. डोस वाढवावा लागेल,” असं म्हणून ते लिहायला लागले. “रोज घेताय ना?”

शिंप्याने मान खाली घातली. मग त्याने सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने त्यांनी नवा कागद घेतला आणि तिन्ही औषधांची मूळ नावं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिली. डोस तोच ठेवला. “ह्या गोळ्या दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या तरी चालतील,” ते म्हणाले. “थायरॉइडची, फिटची किंवा रक्त पातळ करायची गोळी असती, तर मला विचारल्याशिवाय कंपनी बदलू दिली नसती. रोज घ्या आणि महिन्याने तपासायला या.”

जनऔषधी केंद्रात बीपीची आणि कोलेस्टेरॉलची गोळी मिळाली. शुगरची संपली होती, गुरुवारी येणार होती. तोवर थांबून चालणार नव्हतं. म्हातारी चिठ्ठी घेऊन चौकातल्या जुन्या दुकानात गेली.

दुकानदाराने चिठ्ठी वाचली, खाली वाकून तळचा खण उघडला आणि एक पट्टी काढली. औषध तेच, मिलिग्रॅम तेच, भाव गोळीला ३ रुपये. आधीची ८ रुपयांना पडत होती.

“ही तुमच्याकडे होती?” म्हातारीने विचारलं.

“होती, मावशी. पण चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहिलेलं असलं की मला मनाने दुसरी देता येत नाही. तसा नियमच आहे.” तो थोडा थांबला. “आणि काका कधी काही बोलले नाहीत. मला वाटलं, परवडतंय.”

मेथीच्या जुडीचा भाव दोनदा विचारणारी आपली माणसं औषधाच्या दुकानात मुकी होतात. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही, मागे लोक ताटकळत असतात, आणि जिवापुढे पैशाचं काय बोलायचं, असंही वाटतं. मग न विचारलेला तो भाव घरी येतो आणि गोळ्या चुकवून चुकवून फिटत राहतो. शिंप्याने दुकानदाराचा मान राखायला तोंड मिटलं. दुकानदाराने शिंप्याचा मान राखायला विचारलं नाही. दोघेही भले होते, आणि मधल्या मध्ये डोस मात्र वाढायला निघाला होता.

तिन्ही औषधं मिळून आता महिन्याला अडीचशेच्या आत बसू लागली. शिंपी रोज गोळी घेऊ लागला. महिन्याने डॉक्टरांनी पुन्हा बीपी मोजलं आणि आहे तोच डोस पुढे चालू ठेवायला सांगितलं.

पुढे काही दिवसांनी चौकातल्या त्या दुकानात एक गवंडी आला. चिठ्ठीवर बीपीच्या ३० गोळ्या लिहिल्या होत्या. त्याने १० मागितल्या. दुकानदाराने पट्टी कापायला कात्री उचलली आणि तशीच खाली ठेवली.

“दहाच का, दादा?”

गवंडी इकडेतिकडे बघत म्हणाला, “बाकीच्या बघू नंतर.”

दुकानदाराने तळच्या खणातली पट्टी काढून काउंटरवर ठेवली आणि दोन्हींचे भाव त्याला समजावून सांगितले. “डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून आणा. दहाच्या पैशांत तीसही गोळ्या येतील,” तो म्हणाला. दवाखाना पलीकडच्या गल्लीतच होता. गवंडी गेला आणि अर्ध्या तासात नवी चिठ्ठी घेऊन परत आला.